आधी प्रश्न, मग पुडी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, एक लांबलचक यादी येते. कोणत्या कामात कोणती गोष्ट अग्रणी, एवढंच ती सांगत जाते. जीवन देणाऱ्यांत दूध, थकवा घालवणाऱ्यांत सुरा, धीर देणाऱ्यांत पाणी. याच यादीत अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्यांच्या रांगेत पहिला मान कुळथाला दिला आहे.

कोकणात हे कुणाला सांगून पाहा. जिथे भातावर कुळथाची पिठी हा रात्रीचा नेम, तापातून उठलेल्याला पहिला घास पिठीभाताचा, तिथे माणसं आधी गप्प होतात आणि मग भांडायला उठतात. रत्नागिरी जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या एका वैद्यबाईंना मी हा पेच विचारला. त्या म्हणाल्या, “पिठी सोडा, असं सांगितलं तर पेशंट पुन्हा पायरी चढत नाही. मी विचारते, पिठीत मिरची किती घालता, कोकमं किती, ताटात शेजारी तळलेला बांगडा असतो का, आणि जेवून किती वेळाने पाठ टेकता. कुळथाचा दोष असेल तो असेल, पण दहातल्या आठ जणांचं उत्तर शेवटच्या प्रश्नात सापडतं.”

छातीत जळजळ, घशाशी येणारं आंबट-कडू पाणी, जेवणानंतरचा तो ढेकर ज्यात दुपारची आमटी पुन्हा भेटते, पहाटे ठसक्याने येणारी जाग: महिनोन्‌महिने हे सोसणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृतिगटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३,२२४ जणांपैकी ७.६ टक्के लोकांना आठवड्यातून किमान एकदा जळजळ किंवा आंबट वर येण्याचा त्रास होता. हे प्रमाण लहान वाटेल. शंभर जणांच्या चाळीत सात-आठ माणसं रात्री उठून बसतात, असं म्हटलं की ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

यातले बहुतेक जण कधी ना कधी आयुर्वेदाकडे वळतात. वळतात म्हणजे काय करतात, हा या लेखाचा विषय आहे. कारण मला जे दिसलं त्याने मी अस्वस्थ झालो. औषधाच्या दुकानात उभं राहून ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणणारा माणूस आता ‘आयुर्वेदिक द्या, साइड इफेक्ट नको’ म्हणतो. दुकानदार पॅन्टोप्राझोलच्या जागी सूतशेखर किंवा अविपत्तिकर काढून देतो. गोळी बदलली, जेवणाची वेळ तीच, झोपेची वेळ तीच, चहाचे कप तेवढेच. ज्या शास्त्राचं सगळं बळ प्रश्न विचारण्यात आहे, त्याच्या वाट्याला एकही प्रश्न न विचारता विकलं जाणं आलं.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं. घास आला की ते उघडतं, एरवी मिटलेलं असतं. जठर फुगलं की हे वळं मधूनच सैल पडतं. ढेकर त्यामुळेच येऊ शकतो. भरल्या पोटी हे सैल पडणं वाढतं आणि हवेबरोबर आम्लही वर सरकतं. आता कुणी म्हणेल, जेवणाने आम्ल पातळ होत नाही का? होतं, पण सगळीकडे नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की जेवणानंतर जठराच्या वरच्या टोकाशी, अन्नाच्या थरावर, तीव्र आम्लाचा एक साठा वेगळाच राहतो. तो अगदी दाराशी असतो. अशा वेळी माणूस आडवा झाला, पोटावर चरबीचा दाब असला, पट्टा करकचून बांधलेला असला किंवा छातीच्या पडद्याच्या भोकातून जठराचा भाग वर सरकलेला असला, की तो साठा अन्ननलिकेत शिरतो. जठराला आम्लाची सवय असते, अन्ननलिकेला नसते.

आता वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितलेला नियम आठवावा: पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाने भरावेत, एक द्रवाने, आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडावा. चरकाने विमानस्थानात तीन भाग सांगितले आहेत. तिथेही तिसरा भाग वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी रिकामा. ‘दोन घास भूक ठेवून उठावं’ ही आजीची शिस्त याच नियमातून आलेली. जठर ताणलं गेलं की वळं सैल पडतं, हे ज्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं त्यांनी लक्षणांवरून एवढं हेरलं होतं. याचं मला मनापासून अप्रूप आहे, आणि त्यासाठी ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा दावा करायची गरज नाही.

चरक आणि सुश्रुत यांनी अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय दिलेला नाही. तो मान काश्यपसंहितेचा. हा ग्रंथ मुळात बालरोगांचा, नेपाळात सापडलेल्या अपुऱ्या ताडपत्रांवरून राजगुरू हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर आला. त्याच्या खिलस्थानात अम्लपित्ताची कारणं दिली आहेत. जेवल्या जेवल्या दिवसा झोपणं, शिळं आणि जड अन्न, उडीद, कुळीथ, भाजलेली धान्यं आणि चक्क पोहे. सकाळी कांदेपोहे आणि वर दोन कप उकळलेला चहा घेऊन अकरा वाजता छाती चोळणाऱ्या शहरी मराठी माणसाने ही यादी एकदा वाचावी. काश्यपाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हा रोग पाणथळ, दमट प्रदेशात जास्त होतो, आणि औषधाने हटला नाही तर माणसाने प्रदेश बदलावा. किती थेट सल्ला! ज्याला नोकरी, घर, शाळा यांतून हलता येत नाही त्याला तो पाळता येणार नाही, पण रोग माणसाच्या पोटाइतकाच त्याच्या जगण्याच्या जागेतही असतो, हे त्यामागचं निरीक्षण मोलाचं आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा माधवनिदानाचा. वर येणारं आणि खाली जाणारं असे अम्लपित्ताचे दोन प्रकार तिथे आहेत, आणि लक्षणांत अन्न न पचणं, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड होणं, छातीत आणि घशात आग, अन्नावरची वासना उडणं हे सगळं आलं आहे. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते माधवकराने रोगाच्या भवितव्याविषयी लिहिलेलं. नवा असेल तर प्रयत्नाने बरा होतो. जुना झाला की याप्य होतो. पथ्य आणि औषध चालू आहे तोवर आटोक्यात, सोडलं की पुन्हा डोकं वर, तो याप्य रोग. मधुमेह असाच, काही दमेही असेच.

‘मुळापासून बरं करू’ अशी पाटी लावणाऱ्यांनी माधवनिदान उघडून पाहावं. आयुर्वेदाच्या ग्रंथातच जुन्या अम्लपित्ताला तशी हमी दिलेली नाही.

पुण्यात रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं ताराचंद रामनाथ रुग्णालय, मुंबईत वरळीचं पोदार अशा संस्थांमधून शिकून बाहेर पडलेले वैद्य रुग्णाला कसं तपासतात, हे मला जवळून पाहायचं होतं. सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ वैद्यांनी रुग्णांची संमती घेऊन मला कोपऱ्यात बसू दिलं. एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ समोर आले. वय पंचेचाळिशीचं. चार वर्षांपासून त्रास, रोज सकाळी पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल, ती चुकली की दुपारपर्यंत आग. वैद्य त्यांना ‘दादा’ म्हणत, सावकाश एकेक विचारत गेले. पहिला चहा किती वाजता? त्याआधी पाणी पिता का? गाडीत तंबाखू? जेवण दिवसात किती वेळा, आणि दोन जेवणांत खरी भूक लागते की घड्याळ बघून बसता? शौच रोज साफ होतं का? ढेकर आंबट की अन्नाच्या वासाचा? जिभेवर सकाळी पांढरा थर दिसतो का? राग कुणावर निघतो? झोप कुठे?

‘कुठे’ या प्रश्नावर गाडी अडली. दादा मुक्कामाच्या गाडीवर होते. संध्याकाळी निघालेली गाडी रात्री साडेनऊला खेड्यात पोचते, मग हिशोब, मग घरून आणलेला डबा, भाकरी, लाल तिखट पाण्यासारखं ओतलेली आमटी, कधी गावातून आलेली भजी. सव्वादहाला गाडीतल्याच बाकड्यावर पाय दुमडून झोप. पहाटे साडेपाचला पहिली फेरी. वैद्यांनी कागदावर सगळं लिहून घेतलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “दादा, तुमचं औषध मला डब्यात घालावं लागणार आहे.”

या सगळ्याला पाऊण तास लागला. नाडी, जीभ, पोट पाहून झाल्यावर शेवटी पुडी बांधली गेली. आधी प्रश्न, मग पुडी, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणं, ही आयुर्वेदातली पहिली चिकित्सा. ती करायची तर कारण आधी सापडायला हवं, आणि ते सापडायला वेळ लागतो. पाच मिनिटांच्या तपासणीत ते सापडत नाही, मग डॉक्टर कोणत्याही शास्त्राचा असो.

आता पुडीकडे येऊ. इथे थोडं थांबायला हवं, कारण घरोघरी विश्वासाने घेतल्या जाणाऱ्या या औषधांत काय असतं, हे घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

अविपत्तिकर चूर्ण घ्या. भैषज्यरत्नावलीतला हा योग. सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलची, तमालपत्र ही अकरा द्रव्यं एकेक भाग. लवंग अकरा भाग. निशोत्तर चव्वेचाळीस भाग. साखर सहासष्ट भाग. बेरीज केली की कळतं, डबीतलं निम्मं चूर्ण साखर आणि तिसरा हिस्सा निशोत्तर, म्हणजे रेचक. पित्त खालच्या वाटेने काढून टाकणं हा त्यामागचा विचार, आणि बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला त्याने खरंच हलकं वाटतं. पण मधुमेही माणूस रोज दोन वेळा चमचाभर घेत असेल तर तो काय खातो आहे, हे त्याच्या लक्षात यायला हवं. आणि आधीच पोट सैल असलेल्याने ते वर्षभर घेत राहणं हा औषधावर अन्याय आहे.

कामदुधा रसात मोती, प्रवाळ, मोत्याची शिंप, कवडी आणि शंख यांची भस्मं, सोनकाव आणि गुळवेलीचं सत्त्व असतं. समुद्रातून आलेल्या या पाचही गोष्टींचा मुख्य घटक कॅल्शियमची संयुगं. आम्ल शमवण्याचं काम त्यामुळे पटकन होतं. आधुनिक आम्लनाशकांत कॅल्शियम कार्बोनेट वापरतात, ते याच कारणाने. यात आयुर्वेदाला कमीपणा नाही. मात्र ज्याला मुतखड्याचा त्रास आहे, जो आधीच कॅल्शियमच्या गोळ्या घेतो, त्याने हे वैद्यांना सांगितलंच पाहिजे.

सूतशेखराची गोष्ट वेगळी. योगरत्नाकरात अम्लपित्तावर सांगितलेला हा रस महाराष्ट्रातल्या वैद्यांचा फार लाडका. सोनं घातलेला सुवर्ण सूतशेखर आणि बिनसोन्याचा साधा, असे दोन प्रकार दुकानात मिळतात. त्यात शुद्ध केलेला पारा आणि गंधक, टाकणखार, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धोतऱ्याचं बी असतं. भृंगराजाच्या म्हणजे माक्याच्या रसाच्या भावना देऊन, म्हणजे त्या रसात पुन्हा पुन्हा घोटून, तो घडतो. वत्सनाभ हृदयावर परिणाम करणारं विष आहे. धोतऱ्यातल्या द्रव्यांचा वर्ग अन्ननलिकेचं वळं सैल करतो, असं औषधशास्त्र सांगतं. म्हणजे चुकीच्या माणसाला ते मुळावरच येऊ शकतं. शोधन आणि सूक्ष्म मात्रा हे वैद्यांचं उत्तर, आणि अनुभवी वैद्य ते थोड्या दिवसांसाठी, लक्ष ठेवून देतात. औषध कायद्याच्या नियमांत अशा विषारी द्रव्यांची स्वतंत्र अनुसूची आहे आणि त्यांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. ती सूचना बारीक अक्षरात असते. गरोदर बाईने, मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने किंवा घरात कुणाला लागू पडलं म्हणून शेजाऱ्याने सूतशेखर घ्यावा, हे मला भीतिदायक वाटतं. २००८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पारा आणि धातू वापरणाऱ्या रसशास्त्रातल्या औषधांत हे प्रमाण बाकीच्या औषधांच्या दुपटीहून जास्त होतं. त्यावर वाद झाले, व्हायलाही हवेत. पण विश्वासू कंपनीचं, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेलं औषधच घ्यावं आणि खुल्या पुडीतला ‘जुना पक्का सूतशेखर’ कुणाकडूनही घेऊ नये, एवढं तरी या वादातून निर्विवाद उरतं.

ज्येष्ठमध गोड, शांत, घशाला गार वाटणारं. १९४० च्या दशकात रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी जठराच्या व्रणावर त्याच्या अर्काचा गुण पाहिला, आणि त्यातूनच पुढे ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचं औषध निघालं. पण रेव्हर्स यांच्या रुग्णांच्या अंगावर सूजही आली होती. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं, रक्तदाब चढवतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजीला सुनेने प्रेमाने रोज ज्येष्ठमध-दूध देऊ नये.

आवळ्याबद्दल मात्र मला दिलाशाने लिहिता येतं. आंबट वस्तू पित्त वाढवते, पण डाळिंब आणि आवळा हे त्याला अपवाद, असं चरकाने बजावून ठेवलं आहे. इराणमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्ननलिकेला इजा न झालेल्या ६८ रुग्णांना चार आठवडे आवळ्याच्या किंवा त्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या गोळ्या दिल्या. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. आवळा घेणाऱ्यांची जळजळ आणि वर येणं लक्षणीय कमी झालं. अभ्यास छोटा आहे, पण पद्धत चोख आहे. आयुर्वेदाच्या प्रत्येक योगाची अशी परीक्षा व्हावी, आणि ती इथे, पुण्या-मुंबई-नांदेडच्या महाविद्यालयांत मोठ्या संख्येवर व्हावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

घरगुती उपायांचं थोडक्यात. थंड दुधाने क्षणभर शांत वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे आम्ल पुन्हा सुटतं. पुदिना गार लागतो खरा, पण अन्ननलिकेचं वळं तो सैल करतो. सोलकढी सुजलेल्या अन्ननलिकेला झोंबते. साळीच्या लाह्यांचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी, भिजवलेल्या काळ्या मनुका, जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचं वरण, पडवळ, दुधी, दोडका हे बहुतेकांना सोसतं. सगळ्यांना एकच यादी लागू पडत नाही, म्हणून तर प्रश्न विचारायचे.

एका सवयीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. सकाळी उठून कोमट मीठपाणी पिऊन, घशात बोटं घालून ‘पित्त काढणारी’ माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. काही जण हे रोज करतात, वर्षानुवर्षं. पिवळं-हिरवं पाणी पडलं की छाती हलकी होते, डोकं उतरतं, आणि आपण आयुर्वेदच पाळतो आहोत असं त्यांना वाटतं. वैद्यांनी यावर कपाळाला हात लावला. वमन हे अम्लपित्तातलं महत्त्वाचं शोधन आहे, काश्यपानेही ते सांगितलं आहे. पण त्याआधी काही दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप पाजतात, अंगाला तेल लावून शेकतात, मग एका सकाळी नाडी आणि रक्तदाब पाहत, गेळफळ, ज्येष्ठमधाचा फांट वगैरे देऊन वमन घडवतात, उलटीचे वेग मोजतात. हे आयुष्यात काही वेळा करायचं काम, बहुतेकदा वसंतात. हृदयरोगी, गरोदर स्त्री, अतिवृद्ध, रक्ताची उलटी झालेला यांना ते वर्ज्य. त्यानंतर खरी शिकवणी सुरू होते, ती संसर्जनाची: पहिल्या जेवणाला पेज, मग दाट पेज, मग मुगाचं कढण, मग मऊ भात, असं पायरीपायरीने तीन ते सात दिवस. रोज बोटं घालून काढलेल्या उलटीत यातलं काहीच नसतं. असतं ते आम्लाने झिजणारं दातांचं कवच, खरवडली जाणारी अन्ननलिका, आणि कधी जोराच्या उबळीत फाटणारं अस्तर. वमनाने अम्लपित्त किती काळ आटोक्यात राहतं याचे भक्कम पुरावे अजून उभे राहायचे आहेत. पण मला भेटलेल्या, वमन केलेल्या दोघांनीही एकच सांगितलं: पेजेच्या त्या आठवड्यात खरी भूक कशी असते ते कळलं.

भुकेवरून उपवास आठवतो. आयुर्वेदात लंघन म्हणजे पोटाला विश्रांती. आपली एकादशी दुप्पट खाशी: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, मधल्या वेळेला चार चहा. नवरात्रात नऊ दिवस हे केलेल्या बायका दसऱ्याला दवाखान्यात येतात, असं दोन्ही वैद्यांनी सांगितलं. शिवाय तो काळ शरदाचा. पावसात साठलेलं पित्त आश्विन-कार्तिकाच्या उन्हाने उसळतं, म्हणून शरदात कडू, तुरट, गोड खावं आणि विरेचन घ्यावं अशी ऋतुचर्या. नरकचतुर्दशीला कोकण-गोव्यात पायाखाली कारीट चिरडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. त्यात वैद्यकीय हेतू होता असं मी म्हणणार नाही, पण ज्या ऋतूत जिभेवर कडू हवं त्याच ऋतूत आपण चकली, शेव, कडबोळी, चिवडा आणि तळणीचे अनारसे पहाटे पाच वाजता रिकाम्या पोटी सुरू करतो, हे विसरता येत नाही. फराळ खावा. दुपारी जेवणाच्या जागी खावा, जेवणावर नको. आधीचं पचलं नसताना पुन्हा खाण्याला आयुर्वेदात अध्यशन म्हणतात, आणि दिवाळीतली चार घरची चार ताटं म्हणजे अध्यशनच.

रात्रीची गोष्ट आणखी महत्त्वाची. जेवण आणि झोप यांत तीन तास, पलंगाचं डोक्याकडचं टोक विटा लावून सहा-आठ इंच वर, आणि डाव्या कुशीवर झोप. उजव्या कुशीवर आम्ल जास्त वेळ अन्ननलिकेत राहतं, हे मापनाने सिद्ध झालं आहे. डाव्या कुशीवर जठराचा फुगा अन्ननलिकेच्या खाली राहतो. दुपारची वामकुक्षी म्हणजे डावीकडे जरा टेकणं, घोरणं नव्हे. काश्यपाने जेवल्यावरची दिवसाची झोप कारणांत घातली, ती हीच मर्यादा ओलांडल्यामुळे. पोटाने श्वास घेण्याच्या व्यायामाने छातीचा पडदा बळकट होऊन आम्ल वर येणं कमी होतं, असं ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या २०१२ च्या छोट्या अभ्यासात दिसलं. प्राणायाम करणाऱ्यांना हे सहज जमेल. भरल्या पोटी मात्र नको. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा सोडल्याशिवाय बाकी सगळं वाया, यावर मी भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरचं आणि वैद्यांचं एकमत होतं.

आधुनिक गोळ्यांविषयी मला आकस नाही. पॅन्टोप्राझोलच्याच वर्गातलं ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं, आणि अन्ननलिकेत खोल व्रण पडलेल्या, घास अडकणाऱ्या लाखो माणसांचे दिवस सुसह्य झाले. ज्याच्या अन्ननलिकेचं अस्तर बदललं आहे, ज्याला सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घ्यावं लागतं, त्याने ही गोळी स्वतःहून बंद करून चूर्ण सुरू करणं धोक्याचं आहे. गोळी एकदम सोडली की काय होतं, हेही माहीत असावं. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. ज्यांनी आठ आठवडे गोळी घेतली त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना ती थांबवल्यावर पित्ताची लक्षणं आली. आधी त्यांना काहीच त्रास नव्हता. दाबून ठेवलेलं आम्ल उसळून येतं. अशा दिवसांत माणूस म्हणतो, ‘आयुर्वेदिकने गुण आला नाही, गोळीशिवाय जमतच नाही.’ म्हणून गोळी कमी करायची ती आठवड्याआठवड्याने, डॉक्टर आणि वैद्य दोघांना सांगून.

आणि काही वेळा चूर्ण, गोळी, प्रश्न सगळं बाजूला ठेवून धावायचं असतं. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, पंडुरोग, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास: एंडोस्कोपी लगेच. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चालताना वाढणारी जळजळ: ती ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन झोपायची नाही. मधुमेही माणसांत आणि बायकांत हृदयविकाराचा झटका कधी कधी अशा जळजळीच्या रूपातही येतो. आधी ईसीजी, मग बाकीचं.

वाहक दादांची एंडोस्कोपी वैद्यांनीच करायला लावली. छातीच्या पडद्यापाशी छोटा हर्निया निघाला, व्रण नव्हता. मुक्कामाची ड्युटी बदलून मिळाली नाही. मग वैद्यांनी आणि दादांच्या मंडळींनी मिळून एका डब्याचे दोन केले. भाकरी, मुगाची उसळ किंवा पडवळ-दुधीची भाजी आणि चमचाभर तूप असा मोठा डबा संध्याकाळी साडेसहाला, सुटण्याआधी डेपोतच खायचा. रात्री गावात पोचल्यावर लाह्या किंवा मऊ भात, तोही भूक असेल तर. आमटीतलं तिखट तिसऱ्या हिश्शावर आलं. बाकड्यावर झोपताना डोक्याखाली तिकिटांची पेटी आणि तिच्यावर घडी केलेली गोधडी, कूस डावी. तंबाखू अजून सुटली नाही, दिवसाला तीन चिमटींवर आली आहे. आवळा आणि कामदुधा वैद्यांकडून दोन-दोन आठवड्यांचे मिळतात, मुदत संपली की पुन्हा तपासणी. कॅप्सूल रोजची होती ती आता एक दिवसाआड आहे, आणि पोटविकारतज्ज्ञांनी ती आणखी कधी कमी करायची ते दिवाळीनंतर बघू म्हटलं आहे.